बर्फातल्या गरम कुंडात कोण उतरतं आणि कोण काठावर राहतं

तुम्ही विचारलेले प्रश्न थोडक्यात असे: जपानमध्ये भर हिवाळ्यात गरम पाण्यात बसणारी माकडं खरोखर जंगली आहेत का? त्यांना हे कोणी शिकवलं? ओल्या अंगानं बर्फात बाहेर आल्यावर ती गारठत कशी नाहीत? आणि फेब्रुवारीत लहान मुलांना घेऊन ती बघायला जावं का? सह्याद्रीत लाल तोंडाच्या माकडांच्या टोळ्यांमागे फिरण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. जपानच्या नागानो प्रांतातल्या या माकडांजवळही मी हिवाळ्यात थांबलो आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण बाकीची उत्तरं तिच्यावर उभी आहेत. ‘जपानी माकडं गरम पाण्यात आंघोळ करतात’ हे विधान जवळपास सगळीकडे वाचायला मिळतं आणि ते दिशाभूल करणारं आहे. जपानी माकडांची जात होन्शू, शिकोकू आणि क्युशू या तिन्ही मोठ्या बेटांवर आणि आसपासच्या काही लहान बेटांवर पसरलेली आहे. जपानमध्ये गरम पाण्याचे झरे हजारोंनी आहेत. तरीही मोकळी फिरणारी माकडं नेमानं गरम पाण्यात उतरतात अशी जागा म्हणून एकच ओळखली जाते : नागानो प्रांतातल्या यामानोउची गावाजवळचं जिगोकुदानी. योकोयु नदीच्या अरुंद दरीत, समुद्रसपाटीपासून साधारण ८५० मीटर उंचीवर. म्हणजे ही एका टोळीची सवय आहे, तिला सुरुवात आहे, इतिहास आहे, आणि त्या टोळीतही ती सगळ्यांना नाही.

माणूस सोडला तर जगात सर्वांत उत्तरेला राहणारा वानरकुळातला प्राणी म्हणजे हेच माकड. होन्शूच्या उत्तर टोकाला शिमोकिता द्वीपकल्पावर, ४१ अंश अक्षांशाच्याही पुढे, त्याच्या टोळ्या आहेत आणि तिथं गरम कुंडं त्यांच्या वाट्याला नाहीत. थंडीशी सामना करायला या माकडाला पाण्याची गरज नाही, त्याचं शरीरच तसं घडलेलं आहे. आपल्याकडच्या लाल तोंडाच्या माकडाची शेपटी त्याच्या धडापेक्षा लांब असते. जपानी माकडाची जेमतेम दहा सेंटीमीटर. लांब, बारीक शेपटीतून उष्णता भराभर बाहेर जाते आणि हिमदंशही आधी तिथंच होतो. अंग आटोपशीर आणि जाड, नर अकरा किलोच्या आसपास, मादी आठच्या आसपास. हिवाळ्याआधी अंगावर दाट, लांब केस येतात. थंड प्रदेशातल्या टोळ्यांचे केस उबदार प्रदेशातल्या टोळ्यांपेक्षा दाट असतात, हे मोजून पाहिलेलं आहे.

खरी अडचण थंडीपेक्षा पोटाची असते. शरद ऋतूत ओकची फळं, बीचच्या बिया, चेस्टनट भरपूर मिळतात, तेव्हा ही माकडं अंगावर चरबी चढवून घेतात. मग वर्षातले जवळजवळ चार महिने जमीन बर्फाखाली जाते. उरतात ती झाडांची साल आणि हिवाळ्यात मिटून बसलेल्या कळ्या. त्यातून मिळणारी ताकद शरीर गरम ठेवायला पुरत नाही, म्हणून साठवलेली चरबी खर्ची पडते आणि वसंतापर्यंत माकडं वाळतात. आधीच अशक्त असलेल्या माकडाला कडक हिवाळा झेपत नाही. अशा वेळी चाळीस अंशांच्या आसपासचं पाणी म्हणजे अंग गरम ठेवण्याचा खर्च तेवढ्या वेळापुरता वाचणं. अंघोळीपेक्षा हा शेकच आहे.

आता ‘कोणी शिकवलं’ याकडे येतो. १९५०च्या दशकात वरच्या शिगा पठारावर स्कीइंगसाठी जंगल मोकळं होऊ लागलं, तशी माकडं खाली सरकली आणि नागानोतल्या सफरचंदाच्या बागांवर येऊ लागली. बागायतदार वैतागले. माकडं मारायची मागणी सुरू झाली. नागानोच्या रेल्वे कंपनीत नोकरी करणारे सोगो हारा नावाचे गृहस्थ होते, त्यांना हे बघवेना. बागांपासून दूर, या दरीत, त्यांनी माकडांना खाणं घालायला सुरुवात केली, ती इथंच थांबावीत म्हणून. दरीत कोराकुकान नावाचं एकच जुनं विश्रामगृह होतं, त्याचं उघडं गरम कुंड माणसांसाठी. १९६३च्या सुमारास एक लहान माकड खाण्याच्या मागे त्या कुंडात उतरलं आणि पाण्यातच रेंगाळलं. बाकीच्या पिल्लांनी ते पाहिलं. काही काळातच माणसांच्या शेजारी माकडंही डुंबू लागली. पाहुण्यांना गंमत वाटली तरी स्वच्छतेच्या दृष्टीनं ते चालण्यासारखं नव्हतं, म्हणून माकडांसाठी वर वेगळं कुंड बांधलं गेलं. १९६४ साली त्या जागेचं उद्यान झालं. आपण फोटोत बघतो ते हेच, माणसानं बांधलेलं आणि झऱ्याचं पाणी आणून भरलेलं कुंड. १९७०च्या जानेवारीत अमेरिकेतल्या ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर इथलं माकड झळकलं आणि १९९८च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकनंतर तर जगभरातून लोक येऊ लागले.

म्हणजे कोणी शिकवलं नाही. एका पिल्लानं केलं, बाकीच्यांनी बघून उचललं. जपानी संशोधकांना हे नवीन नव्हतं. क्युशूजवळच्या कोशिमा बेटावर १९५३ साली इमो नावाच्या दीड वर्षांच्या मादीनं वाळूनं माखलेलं रताळं पाण्यात धुऊन खायला सुरुवात केली होती. ते पहिल्यांदा टिपलं सात्सुए मितो या शिक्षिकेनं आणि पुढे किंजी इमानिशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा माग काढला. आधी इमोचे सवंगडी शिकले, मग तिची आई, मग त्या माद्यांची पुढची पिल्लं. मोठे नर जवळजवळ शिकलेच नाहीत, कारण ते पिल्लांच्या आसपास फारसे राहत नाहीत आणि पोरांचं बघून काही करायचं त्यांना कारणही नसतं. (‘शंभराव्या माकडानं रताळं धुतलं आणि दूरच्या बेटांवरची माकडंही आपोआप धुऊ लागली’ ही गोष्ट भाषणांमधून ऐकवली जाते, ती निव्वळ भाकडकथा आहे. तसं काही घडलं नाही.) जिगोकुदानीतही वाट हीच. आज तिथलं पिल्लू पाण्यात उतरतं ते आईच्या पोटाला धरून. आई उतरत नसेल तर पिल्लाला ती सवय लागण्याची शक्यता बरीच कमी होते.

आणि आई उतरते की नाही, हे तिच्या टोळीतल्या जागेवर बरंचसं अवलंबून असतं. या उत्तरात मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते इथंच.

जपानी माकडांची टोळी म्हणजे माद्यांची घराणी. मुली आयुष्यभर आईजवळ राहतात, नर वयात आले की टोळी सोडून जातात. कोणत्या घराण्याचं कोणावर चालतं हे ठरलेलं असतं आणि ते आईकडून मुलीकडे जातं. एकाच आईच्या मुलींमध्ये धाकटी थोरलीच्या वर चढते, कारण आई भांडणात नेहमी लहानीची बाजू घेते. हे जपानी संशोधकांनी १९५०च्या दशकातच नोंदवलेलं आहे आणि मी सह्याद्रीतून तिथं गेल्यावर मला ते सगळ्यात ओळखीचं वाटलं. माणूस दिसत नसतानाही कोणी कोणाला जागा करून द्यायची, हे त्या सगळ्यांना पाठ असतं.

गरम कुंडाला काठ मर्यादित, पाणी मर्यादित. त्यामुळे ते फळानं लगडलेल्या झाडासारखं वापरलं जातं. वरच्या घराण्यातल्या माद्या हव्या तेव्हा उतरतात, हवं तितकं बसतात. खालच्या घराण्यातली मादी कुंडाच्या कडेला येते, पाण्यात हात घालते, मग कोणीतरी नुसती मान वळवून बघितलं तरी मागे सरते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या टोळीच्या दोन दशकांहून जास्त काळच्या नोंदी तपासल्या गेल्या. नेमानं पाण्यात उतरणाऱ्या माद्या साधारण एक तृतीयांशच निघाल्या आणि वरच्या घराण्यांमध्ये हे प्रमाण जास्त होतं. थंडी वाढली की उतरणं वाढतं, हेही त्यात स्पष्ट दिसलं. उन्हाळ्यात कुंड जवळपास ओस असतं.

बाहेर राहिलेल्यांचं काय? ती एकमेकांना चिकटून बसतात. चार-पाच माकडं तोंडं आत करून, पिल्लं मध्ये घेऊन एक गोळा करतात. शोदोशिमा बेटावर अशा गोळ्यात कितीतरी माकडं एकत्र बसलेली दिसतात. त्या गोळ्यातही कोण आत आणि कोण बाहेरच्या वाऱ्याला, हे पुन्हा नात्यावर आणि मानावर ठरतं. फोटो काढणारे सगळे पाण्याकडे कॅमेरा रोखून असतात, म्हणून ही माकडं जगाला दिसत नाहीत. माझ्या मते जिगोकुदानीत बघण्यासारखं निम्मं तरी त्या काठावर असतं.

२०१८ साली क्योतो विद्यापीठाच्या संशोधकांनी आणखी एक पायरी पुढे टाकली. बारा प्रौढ माद्यांवर वसंतात आणि हिवाळ्यात त्यांनी लक्ष ठेवलं, कोण किती वेळ पाण्यात बसतं ते टिपलं आणि त्यांच्या विष्ठेतून तणावाशी संबंधित संप्रेरकांचं प्रमाण मोजलं. माकडाला हात न लावता, सुई न टोचता ही माहिती मिळवण्याची ही रीत आम्हाला फार मोलाची आहे, कारण पकडून रक्त काढलं तर पकडण्याचाच ताण मोजला जातो. निष्कर्ष असा की ज्या आठवड्यांत मादी पाण्यात बसली त्या आठवड्यांत ते प्रमाण कमी होतं. आणि वरच्या माद्या पाण्यात जास्त वेळ होत्या, पण भांडणांतही त्याच जास्त गुंतलेल्या होत्या. मान टिकवायला ताकद लागते, सतत सावध राहावं लागतं. म्हणजे कुंडातली जागा मिळते ती फुकट नाही आणि त्या जागेचा फायदा ज्यांना सर्वांत जास्त हवा असेल, त्या अशक्त, खालच्या माद्यांना ती मिळतेच असं नाही. डोळे मिटून बसलेल्या त्या लालबुंद चेहऱ्याला लोक ध्यानस्थ वगैरे म्हणतात. मला त्यात एक सुस्थितीतली बाई दिसते, जिला मागे वळून बघावं लागत नाही.

पाण्यात बसून एकमेकींच्या केसांतून काहीतरी वेचत असतात, तेही बघण्यासारखं आहे. बऱ्याच जणांना वाटतं की ती घामाचं मीठ किंवा कोंडा खातात. याच भागातल्या टोळीवर झालेल्या बारीक निरीक्षणात असं आढळलं की वेचून तोंडात जाणारं जवळजवळ सगळं म्हणजे लिखा. लीख केसाला चिकटवलेली असते, ती नखानं सैल करून ओढावी लागते, आणि हे कौशल्य एकेका माकडाचं वेगवेगळं असतं.

आता ओल्या अंगाचा प्रश्न. आपण गरम पाण्यातून बाहेर पडलो की घाम सुटतो, उघडी त्वचा भराभर निवते आणि हुडहुडी भरते. माकडाला आपल्याइतका घाम येत नाही. त्याचे केस दाट असल्यामुळे बरंचसं पाणी वरच्या लांब केसांवर राहतं, अंग झटकलं की उडून जातं, आणि खालच्या थरात अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. वरच्या केसांवर बर्फाचे मणी गोठलेले दिसतात, ते याचंच लक्षण : ते पाणी त्वचेपर्यंत पोचलेलं नाही. शिवाय बाहेर आल्यावर ती स्वस्थ बसत नाहीत. दाणे वेचतात, एकमेकांचे केस साफ करतात, ऊन असेल तिथं जातात, गोळा करून बसतात. संध्याकाळ होण्याआधी टोळी डोंगरात परत जाते आणि रात्र झाडांच्या आडोशाला काढते. कुंडात रात्र काढत नाहीत.

याच नागानो प्रांतात, कामिकोची नावाच्या खोऱ्यात, १५०० मीटरच्या आसपास उंचीवर राहणाऱ्या टोळीनं थंडीला वेगळंच उत्तर शोधलंय. तिथले काही ओढे भूजलावर चालतात म्हणून हिवाळ्यात गोठत नाहीत. माकडं त्यात उतरून पाण्यातले किडे आणि चक्क मासे खातात. २०२१ साली विष्ठेतल्या डीएनएवरून हे सिद्ध झालं. दोन्ही ठिकाणी पाणीच, पण एकीनं ऊब घेतली, दुसरीनं खाणं. दूर उत्तरेला, होक्काइदो बेटावरच्या हाकोदाते शहराच्या वनस्पती उद्यानातही गरम कुंडात बसलेली माकडं दिसतात, ती मात्र पाळलेली आहेत. होक्काइदोत हे माकड मुळातच नाही.

जंगली की नाही, याचं उत्तर सरळ ‘हो’ देता येत नाही. जिगोकुदानीला माकडांसाठी कुंपण नाही, पिंजरा नाही, ती मनाला येईल तेव्हा येतात आणि जातात. पण ती रोज तिथं येतात ते उद्यानाचे कर्मचारी दाणे टाकतात म्हणून : सातू, सोयाबीन, कधी सफरचंद. पाणी हे दुय्यम आकर्षण. खाणं बंद झालं तर कुंडात माकडं दिसतील असं मला वाटत नाही. शरदात डोंगरात भरपूर फळं असतात, तेव्हा दाणे टाकूनही टोळी एखाद्या दिवशी फिरकत नाही. जंगल अजून तिच्यासाठी खरं घर आहे, हे मला त्यात दिसतं.

खाणं घालण्याबद्दल मी जरा कठोर आहे आणि ते लपवत नाही. १९५०-६०च्या दशकात जपानमध्ये अशी माकड-उद्यानं बरीच निघाली. खाणं वाढलं तशी माकडं वाढली. क्युशूतल्या ताकासाकियामा इथं तर संख्या एके काळी दोन हजारांच्या पुढे गेली आणि मग खाणं कमी करावं लागलं. आज जपानमध्ये शेतीचं नुकसान करतात म्हणून दरवर्षी सुमारे वीस हजार माकडं मारली किंवा पकडली जातात. कुंडातल्या माकडाचा फोटो मिरवणाऱ्या देशातच हेही होतं. जिगोकुदानीचं वेगळेपण इतकंच, की तिथं खाणं ठरलेल्या लोकांच्या हातून, जमिनीवर पसरून दिलं जातं आणि पर्यटकाच्या हातून एक दाणाही जात नाही. परिणामी तिथलं माकड तुमच्या पायाजवळून जाताना तुमच्या हाताकडे बघतही नाही. आपल्या ताम्हिणी, वरंध, आंबोली घाटांत काय होतं ते आठवून बघा. गाडीच्या काचेतून वेफर्सचं पाकीट पुढे येतं, माकडाला हात म्हणजे खाणं असं समीकरण कळतं, मग पिशव्या हिसकावणं, चावणं, आणि वळणावर गाडीखाली येणं. घाटात मेलेली पिल्लं मी उचललेली आहेत. तेव्हा जिगोकुदानी बघून आल्यावर घाटात माकडांना बिस्किटं टाकणार असाल, तर माझी हात जोडून विनंती आहे, टाकू नका.

प्रवासाचं आता. तोक्योहून नागानोपर्यंत शिनकानसेननं (बुलेट ट्रेननं) दीड तासाच्या आत-बाहेर लागतो, पुढे बसनं कानबायाशीपर्यंत. तिथून उद्यानापर्यंत जंगलातली साधारण १.६ किलोमीटरची पायवाट आहे, चढ फार नाही, पण फेब्रुवारीत घट्ट दाबलेल्या बर्फावर पाय हमखास घसरतो. बाबागाडी चालणार नाही, अगदी लहान मुलाला पाठीवर घ्यावं लागेल. चांगल्या पकडीचे बूट किंवा बुटांना लावायचे बर्फाचे काटे जरूर घ्या. जानेवारी-फेब्रुवारीत माकडं पाण्यात दिसण्याची शक्यता सर्वांत जास्त. तरी सकाळी निघण्यापूर्वी उद्यानाच्या संकेतस्थळावरची सूचना आणि थेट कॅमेरा बघून घ्या.

मुलांना आधीच तीन-चार गोष्टी पक्क्या सांगा. माकडाच्या डोळ्यात रोखून बघायचं नाही, त्यांच्या भाषेत ते आव्हान आहे. हात लावायचा नाही, पिल्लू कितीही जवळ आलं तरी. खाण्याची वस्तू बाहेर काढायची नाही, पाकिटाचा आवाजही नको. धावायचं, ओरडायचं नाही. कुंडाभोवती गर्दी असते, पहिल्या अर्ध्या तासात फोटो काढून घ्या आणि मग मुलांना घेऊन जरा वर, उतारावर उभे राहा. वर्षा-दीड वर्षाची माकडं तिथं बर्फाचे गोळे करून ढकलत नेतात, दुसऱ्याचा गोळा पळवतात, त्यावर चढून बसतात. त्यातून त्यांना खायला काही मिळत नाही, निव्वळ खेळ असतो, आणि पाच-सात वर्षांच्या मुलांना तो कुंडातल्या म्हाताऱ्यांपेक्षा फार लवकर कळतो. मुक्काम युदानाका किंवा शिबू या गावांत करा, गरम पाण्याची माणसांसाठीची कुंडं तिथं भरपूर आहेत. माकडांच्या कुंडात माणसांना उतरता येत नाही.